आजोबांना जेवल्यावर भोवळ, नातीला उपाशीपोटी

प्रश्न: माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, बीपीची गोळी सकाळी आणि प्रोस्टेटची रात्री घेतात. गेल्या दोन महिन्यांत ते तीनदा भोवळ येऊन पडले, तिन्ही वेळा दुपारचं जेवण झाल्यावर तासाभरात. ईसीजी, टूडी इको, मेंदूचा एमआरआय झाला, पडण्याचं कारण त्यात सापडलं नाही. दवाखान्यात बीपी १५०/८६ भरतं म्हणून गोळी वाढवायला सांगितली आहे. आई म्हणते शुगर कमी होते, ती लगेच साखरपाणी देते. आणि माझी १७ वर्षांची मुलगी उपवासाच्या दिवशी कॉलेजात दोनदा चक्कर येऊन पडली. दोघांचं दुखणं एकच असेल का? खायला-प्यायला काय द्यावं?

उत्तर: तुमच्या प्रश्नात निदानाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे शब्द आहेत, "तिन्ही वेळा दुपारचं जेवण झाल्यावर तासाभरात". हे तुम्ही टिपून ठेवलंत ते फार बरं केलंत. बहुतेक घरांत पडल्याची तारीख लक्षात राहते, वेळ राहत नाही. तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करताना मी भोवळीच्या प्रत्येक रुग्णाला आधी हेच विचारत आले आहे की पडलात तेव्हा घड्याळात किती वाजले होते, पोटात काय होतं आणि तुम्ही उभे होतात की बसलेले. या तीन उत्तरांतून जेवढं कळतं तेवढं कित्येकदा महागड्या तपासण्यांतूनही कळत नाही.

भोवळ येते म्हणजे काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं की शुद्ध हरपते, माणूस आडवा होतो, आडवा झाल्यामुळेच रक्त पुन्हा मेंदूकडे वळतं आणि तो मिनिटाभरात डोळे उघडतो. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब जोखणाऱ्या नसांची टोकं असतात. दाब उतरतोय हे त्यांना क्षणात कळतं, मग हृदयाची गती वाढते, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आपल्याला काही जाणवतही नाही.

जेवण झालं की या व्यवस्थेवर दुसरं ओझं येतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पोटातल्या अवयवांकडे जातो. भरपेट जेवणानंतर आतड्यांकडचा हा पुरवठा जवळपास दुपटीने वाढतो. तरुण माणसाचं शरीर ते भरून काढतं. पण वय सत्तरीपुढे गेलं, त्यात पंधरा वर्षांचा मधुमेह असला, की या प्रतिक्षिप्त क्रिया चालवणाऱ्या नसा मंदावलेल्या असतात. पायांना मुंग्या येणं, बधिरपणा येणं हे मधुमेही माणसाला ठाऊक असतं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जाणाऱ्या नसांचंही तसंच होतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग आतड्यांत रक्त जमतं, हृदय वेग वाढवत नाही, रक्तवाहिन्या आवळत नाहीत, आणि बीपी घसरतं.

जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांत वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरलं, किंवा १०० च्या वर असलेलं ९० च्या खाली गेलं, तर त्याला आम्ही जेवणानंतरचा अल्परक्तदाब म्हणतो. १९७७ मध्ये पार्किन्सनच्या एका रुग्णात त्याची नोंद झाली. १९८३ मध्ये अमेरिकेत बोस्टनला ल्युईस लिप्सिट्झ आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं बीपी जेवणाआधी आणि नंतर मोजून दाखवलं. पाऊण तासाच्या आत ते सरासरी सुमारे २५ ने उतरत होतं. म्हणजे ही गोष्ट वैद्यकशास्त्राला चाळीसहून जास्त वर्षं माहीत आहे. तरीही आपल्याकडे ती फार कमी वेळा ओळखली जाते, आणि त्याचं कारण साधं आहे. आमच्या ओपीडी सकाळच्या असतात. म्हातारी माणसं रक्त द्यायचं म्हणून उपाशी येतात, बाकावर दीड तास बसतात, बसल्या-बसल्या बीपी मोजून घेतात आणि घरी जाऊन जेवतात. ज्या तासात ते पडतात त्या तासात बीपीचा पट्टा त्यांच्या दंडाला कधीच लागलेला नसतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त एसटी चालक माझ्याकडे आले होते, वय ७६. कथा जवळजवळ तुमच्या वडिलांचीच. मी त्यांना सांगितलं, उद्या दुपारी डबा घेऊन या आणि इथेच जेवा. सोबत बायको होती. डब्यात तीन पोळ्या, वरण, भाताची चांगली मूद आणि घरी पूजा झाली होती म्हणून प्रसादाचा शिरा. बारा चाळीसला बसून बीपी १४४/८२. वीस मिनिटांत जेवले. एक वाजून दहा मिनिटांनी १२६. ते मला घाटातल्या रात्रीच्या गाड्यांबद्दल सांगत होते, आणि दीडच्या सुमारास बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबले. एक मोठी जांभई दिली. ओठ फिके पडले, नजर खिडकीवर जाऊन थिजली, मी हात धरला तर बोटं गार. बीपी १०२/५८. आणि नाडी? जेवणाआधी ७२ होती, आता ७४. तरुण माणसाची नाडी अशा वेळी शंभरी गाठते, यांची जागची हलली नव्हती. मी त्यांना आडवं केलं, पायांखाली दोन उशा दिल्या. पाच मिनिटांत रंग परतला आणि घाटाची गोष्ट सोडली होती तिथूनच त्यांनी पुढे सुरू केली.

मधल्या वेळात बोटाला सुई टोचून साखर पाहिली होती, ती १८६ होती. त्यांच्या बायकोचा चेहरा मला अजून आठवतो. त्या म्हणाल्या, "मी तर रोज याच वेळी यांना साखरेचं पाणी करून देतेय."

म्हणून तुमच्या आईंना आधी हे सांगा. त्यांनी केलं ते मायेपोटी केलं, पण जेवणानंतरच्या या प्रकारात साखरपाणी उलट काम करतं. अन्नातल्या घटकांपैकी बीपी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लवकर पाडतं ते ग्लुकोज. ते पोटातून भराभर आतड्यात उतरतं आणि आतड्यांकडचा रक्ताचा ओघ आणखी वाढवतं. पेय गरम असेल तर परिणाम जास्त दिसतो, थंड असेल तर कमी. म्हणजे भोवळ येऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवायचं आणि वर गरम गोड चहा पाजायचा, ही आपली घरोघरची पद्धत त्याला दुसऱ्यांदा पाडू शकते.

पण वडील मधुमेही आहेत, त्यामुळे साखर खरोखरच कमी झाल्याची शक्यता गृहीत धरून चालायला हवं. ग्लुकोमीटर घरात ठेवा. ७० च्या खाली आकडा आला तर साखर द्यायचीच, तिथे विचार करत बसायचं नाही. ग्लुकोमीटर हाताशी नसेल, माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल आणि घाम, थरथर, गोंधळलेपण जात नसेल, तरीही साखर द्या, कारण खरी कमी झालेली साखर जास्त धोक्याची. दोन्हींतला फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बीपी पडून आलेली भोवळ आडवं केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप ओसरते. साखर कमी होऊन आलेली गुंगी हळूहळू चढते आणि साखर पोटात गेल्याशिवाय उतरत नाही.

आता पाण्याबद्दल, कारण या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय तोच आहे. २००० साली अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की साधं पाणी, साधारण ४८० मिलीलिटर म्हणजे आपले दोन मोठे पेले, एका दमात प्यायलं तर ज्यांच्या स्वायत्त नसा, म्हणजे हृदय आणि रक्तवाहिन्या आपोआप चालवणाऱ्या नसा, निकामी झाल्या आहेत अशा रुग्णांचं वरचं बीपी ३० हून जास्त वाढतं. निरोगी वयस्कांमध्येही ते सुमारे ११ ने वाढलं. तरुणांमध्ये बसल्या जागी काही फरक पडला नाही. परिणाम पाच मिनिटांत सुरू होतो, अर्ध्या तासाच्या आसपास शिगेला पोचतो आणि तास-दीड तासात ओसरतो. इतक्या लवकर होतो याचा अर्थ पाणी रक्तात मिसळून रक्त वाढल्याचा हा परिणाम नाही. पोटात आणि यकृताकडे जाणाऱ्या रक्तात पाण्यामुळे क्षार पातळ होतात, तिथल्या नसांना ते कळतं आणि त्या रक्तवाहिन्या आवळायला लावतात. म्हणूनच तेवढंच मीठपाणी दिलं तर हा झटपट परिणाम मिळत नाही. इलेक्ट्रॉलचं पाणी वेगळ्या कामाचं आहे, त्याबद्दल मुलीच्या संदर्भात बोलेन. जेवणाआधी मात्र साधंच पाणी.

तेव्हा वडिलांनी ताटावर बसण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोन पेले पाणी तीन-चार मिनिटांत संपवायचं. घोट-घोट तासभर पीत बसण्याने हा फायदा होत नाही. जेवणाआधी पाणी प्यायल्याने जठराग्नी मंदावतो असं वडीलधारी मंडळी सांगतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. फक्त एवढं म्हणते की तुमच्या बाबतीत पचन थोडं सावकाश झालं तर ते चांगलंच आहे. पोट जितकं हळू रिकामं होईल तितकं बीपी कमी पडेल. एक खबरदारी घ्यायची. हृदय कमजोर असल्यामुळे किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी हे स्वतःच्या मनाने करायचं नाही. आणि रात्री झोपण्याआधीच्या तासात नको, कारण अशा रुग्णांचं बीपी आडवं झाल्यावर बरंच चढतं.

ताटाचं म्हणाल तर मी भात बंद करायला कधीच सांगत नाही. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि बंद केलेली गोष्ट चार दिवसांत परत सुरू होते. मी सांगते की दुपारचं एक मोठं जेवण मोडून दोन करा. साडेअकराला एक पोळी, उसळ, भाजी, वाटीभर ताक. अडीचला वरण-भात. दिवसभरात तेवढंच अन्न सहा वेळा थोडं थोडं खाल्लं तर बीपीची घसरण तीन मोठ्या जेवणांपेक्षा कमी होते. ताटात आधी उसळ, डाळ, अंडं किंवा मासळी, मग पोळी, भात शेवटी. प्रथिनं आधी पोटात गेली की पुढचं पिष्टमय अन्न सावकाश उतरतं. ज्वारीची भाकरी मैद्याच्या पुरीपेक्षा कितीतरी बरी. वाफाळतं जेवण थोडं निवू द्यावं. आणि सणावाराला जपायचं, कारण श्रीखंड-पुरी, जिलेबी, पुरणपोळी, वर मसालेभात असं पंगतीचं जेवण, मग मांडवातल्या उकाड्यात उभं राहून निरोप घेणं, हा या माणसांसाठी सगळ्यात वाईट मेळ आहे. लग्नाच्या हॉलमध्ये हात धुवायच्या बेसिनपाशी कोसळलेली म्हातारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की घरच्यांनी पंगतीनंतर त्यांना बसल्या जागी हात धुवायला पाणी आणून द्यावं, असं मी आता आवर्जून सांगते.

दारू घेत असतील तर जेवणासोबतची दारू पूर्ण बंद. दारूमुळे उभं राहिल्यावर रक्तवाहिन्या आवळण्याची क्रियाच बिघडते, त्यात लघवी वाढून पाणी कमी होतं. रात्री पिऊन झोपलेला माणूस पहाटे लघवीला उठतो आणि न्हाणीघरात पडतो, त्यामागे हेच असतं. चहाने थोडा वेळ बीपी वाढू शकतं, पण रोज चार कप पिणाऱ्याला त्याचा फारसा आधार मिळत नाही. बिनसाखरेचा एक कप घ्यायला हरकत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका.

जेवणानंतर काय करावं याबद्दल आपल्या भाषेत दोन छान शब्द आहेत, शतपावली आणि वामकुक्षी. तुमच्या वडिलांसाठी दोन्ही उपयोगाचे आहेत, पण क्रम आणि पद्धत सांभाळायला हवी. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, त्यामुळे चालतं असेपर्यंत बीपी सावरलेलं राहतं. चालणं थांबवून उभं राहिलं की ते पुन्हा घसरतं. म्हणून शतपावली करायची तर घरातल्या घरात, कुणाचा तरी हात धरून, आणि संपवायची ती थेट पलंगापाशी. फाटकाशी उभं राहून शेजाऱ्याशी गप्पा नकोत. ज्यांना जेवतानाच डोळे जड झाल्यासारखं वाटतं त्यांनी शतपावली सोडून सरळ वामकुक्षी घ्यावी, तासभर आडवं किंवा निदान पाय वर करून रेलून बसावं. उठताना आधी पलंगावर बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मिनिटभर थांबायचं, मग आधार धरून उभं राहायचं. जेवणानंतरच्या दोन तासांत गरम पाण्याची अंघोळ नको, शिडी नको, माळ्यावरचं काढणं नको, स्कूटर तर नकोच.

गोळ्यांकडे येते. दवाखान्यातल्या १५० वर बघून गोळी वाढवण्याआधी जेवणानंतरचे आकडे बघायलाच हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या डॉक्टरांची यात चूक नाही, त्यांच्यासमोर तो आकडा आलाच नाही. त्याच वेळी, गोळी स्वतःहून बंदही करू नका. उपचार नसलेला उच्च रक्तदाब हा प्रकार आणखी बिघडवतो, शिवाय पक्षाघाताचा धोका वेगळाच. डॉक्टरांशी बोलायचं ते गोळीच्या वेळेबद्दल आणि प्रकाराबद्दल. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, लघवीवाटे साखर बाहेर घालवणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या, छातीत दुखण्यासाठीचे नायट्रेट, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन किंवा सिलोडोसिन, पार्किन्सनची लेव्होडोपा, ही सगळी औषधं भोवळीत हातभार लावू शकतात. त्यांच्या परिणामाची वेळ आणि जेवणाची वेळ एकावर एक आली की घसरण खोल होते. अकार्बोज नावाची मधुमेहाची एक गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर देतात. ती पिष्टमय अन्नाचं पचन लांबवते, त्यामुळे जेवणानंतरचं बीपीही कमी पडतं. पोटात वायू धरण्याचा त्रास होतो, पण तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात तिचा विचार करण्यासारखा आहे. डॉक्टरांना जरूर विचारा.

आता मुलगी. दोघांचं दुखणं एक नाही. दोघांत समान काय, तर उभं असताना मेंदूला रक्त कमी पडतं. तिच्या नसा तल्लख आहेत, किंबहुना जास्तच. उभं राहून राहून, उकाड्यात, पोटात पाणी नसताना रक्त पायांत साचतं, हृदय जोरात धडधडतं आणि मग अचानक शरीर उलटा निर्णय घेतं. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदयाची गती मंदावते. १९३२ मध्ये इंग्लंडच्या थॉमस ल्युईस यांनी याला व्हेसोव्हेगल हे नाव दिलं, आम्ही आजही तेच वापरतो. शाळेच्या मैदानावर १५ ऑगस्टला रांगेत पडणारी मुलं बहुतेक याच प्रकारातली.

तिच्या बाबतीत उपवासाचा संबंध कसा लागतो? उपवासात लोक अन्नाचा विचार करतात, खरी तूट पडते पाणी आणि मिठाची. आपल्याला रोज लागणाऱ्या मिठाचा मोठा भाग भाजी-आमटी-पोळीतून येतो. ते बंद झालं, वर इन्शुलिन उतरलं, की किडनी जास्त मीठ आणि त्याच्याबरोबर पाणी बाहेर सोडते. निर्जळी उपवास असेल तर बोलायलाच नको. सकाळी चहावर निघालेली मुलगी बारापर्यंत एसटीत उभी, वर्गात बसलेली, मग प्रॅक्टिकलला पुन्हा उभी. रक्तवाहिन्यांत मुळात रक्तच कमी. पाळीचे दिवस असतील तर आणखी.

मी अशा मुलींना उपवास मोडायला सांगत नाही, तो त्यांचा आणि घरचा प्रश्न आहे. निर्जळी मात्र नको, इथे मी ठाम असते. घरातून निघताना दोन पेले साधं पाणी. तरुणांचं बीपी त्याने बसल्या जागी वाढत नाही, पण उभं राहण्याची ताकद वाढते. २००२ मध्ये झालेल्या एका प्रयोगात अर्धा लिटर पाणी प्यायलेल्या निरोगी माणसांना तिरक्या टेबलावर, म्हणजे माणसाला उभं करून भोवळ कधी येते ते पाहायच्या टेबलावर, सरासरी ५ मिनिटं जास्त उभं राहता आलं. रक्तदान शिबिरात कॉलेजच्या मुलांना आधी पाणी पाजावं ते याचसाठी. मग दिवसभरात ताक, लिंबाचं सरबत, कोकम सरबत, प्रत्येकात चिमूट-दोन चिमूट सैंधव. सैंधव उपवासाला चालतं आणि तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे कामही तेच करतं. उकाड्याच्या दिवसांत इलेक्ट्रॉलसारखं ओआरएस एखादा पेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आतडी ते पाणी लवकर शोषून घेतात आणि ते शरीरात टिकतं. आणि संध्याकाळी दिवसभराच्या उपाशी पोटावर ताटभर साबुदाण्याची खिचडी एकदम नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वाटीभर खिचडी, सोबत दाण्याची आमटी आणि दही असं विभागून खाऊ द्या.

उपवास नसलेल्या दिवशीही तिला दोन ते अडीच लिटर पाणी आणि इतरांपेक्षा थोडं जास्त मीठ लागेल. सर्वसाधारण माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते बरोबरच आहे. वारंवार व्हेसोव्हेगल भोवळ येणाऱ्या, बीपी कमी किंवा बेताचं असलेल्या तरुणांना मात्र आम्ही दिवसाला ६ ते १० ग्रॅमपर्यंत मीठ सुचवतो. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की असं जादा मीठ घेतल्यावर बऱ्याच रुग्णांच्या रक्तातलं पाणी वाढतं आणि उभं राहण्याची क्षमताही. हे सुरू करण्याआधी तिचं बीपी मोजून घ्या आणि हिमोग्लोबिन तपासा, कारण आपल्याकडे या वयात रक्त कमी असणं फार आढळतं. आजोबांचं मीठ वाढवायचं नाही, त्यांना उच्च रक्तदाब आहे. एकाच घरात एकाच तक्रारीसाठी दोन माणसांना उलट सल्ला द्यावा लागतो तो असा.

तिला भोवळीची चाहूल ओळखायला शिकवा. मळमळ, गार घाम, कानात सूं आवाज, डोळ्यांपुढे अंधारी. त्या क्षणी लाज न बाळगता खाली बसायचं, शक्य असेल तर आडवं व्हायचं. बसमध्ये जागाच नसेल तर पायाला पाय आडवा घालून मांड्या आणि पोट घट्ट आवळायचं, मुठी वळायच्या. बुटाची लेस बांधायला बसल्यासारखं उकिडवं बसलं तरी बीपी चटकन सावरतं. माझ्याकडे येणाऱ्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने निव्वळ पाणी, ताक आणि या पाय आवळण्यावर ऑपरेशन थिएटरमधली सहा महिन्यांची ड्यूटी न पडता पार पाडली.

दोघांपैकी कुणीही पडलं तर घरच्यांनी उचलून बसवायचं नाही. आडवं ठेवा, पाय खुर्चीवर टेकवा, गर्दी हटवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा, चप्पल नाकाशी धरून काही होत नाही. माणूस उठतो तो आडवा झाल्यामुळे. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. दहा मिनिटं तरी उठू देऊ नका.

आणि या सगळ्यात न बसणारी भोवळ वेगळी काढायला हवी. पळताना किंवा जिना चढताना आलेली, आडवं असताना आलेली, आधी छाती धडधडून किंवा दुखून आलेली, कसलीही चाहूल न देता तोंडावर आपटवणारी, काळ्या शौचासोबतची, किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं असताना आलेली भोवळ ही त्याच दिवशी हृदयाच्या तपासणीला नेण्याची गोष्ट आहे. एक विरळा प्रकार जेवणाशीच निगडित आहे. घास किंवा थंड पाण्याचा घोट गिळतानाच, नंतर नव्हे, शुद्ध जाते. त्यात गिळण्याच्या क्रियेने हृदयाचा ठोका थांबतो, आणि त्याला पेसमेकर लागू शकतो.

वडिलांसाठी उद्यापासून सात दिवस वही करा. दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र वापरा, मनगटाचं नको. दुपारच्या जेवणाआधी बसून एकदा, जेवायला बसल्यापासून अर्ध्या तासाने, एका तासाने, दीड तासाने आणि दोन तासांनी असे पाच आकडे, शेजारी नाडी. एकदा सकाळी उठल्यावर आडवं असताना आणि मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला, उभं करताना दोन माणसं जवळ असू द्या. समोर त्या दिवशी ताटात काय होतं आणि कुठली गोळी किती वाजता घेतली ते लिहा. पहिले तीन दिवस नेहमीचं जेवण, पुढचे चार दिवस आधी दोन पेले पाणी आणि निम्मा भात. ती वही गोळी वाढवायला सांगितलेल्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि तोवर दुपारी एक ते तीन त्यांना एकटं सोडू नका.